दरीकाठचा तंबू आणि काळोखी रात्र

ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर सूर्यास्त होऊ लागला म्हणजे काळोख प्रथम खालून वर चढतो. ज्या तळातून कोलोरॅडो नदी वाहते तो तळ, सूर्य क्षितिजावर असतानाच सावलीत गेलेला असतो. मग खडकांचे थर एकामागून एक विझत जातात आणि अखेरीस माथ्यावरील फिकट चुनखडकाची कडा तेवढी उजळ राहते. सूर्य मावळल्यावर पूर्वेकडे पाहिल्यास क्षितिजालगत एक निळसर करडा पट्टा व त्यावर गुलाबी झाक दिसू लागते. हा पट्टा ढगाचा नव्हे. ती प्रत्यक्ष पृथ्वीची सावली होय. ती वातावरणावर पडते आणि सूर्य जसजसा खाली जातो तसतशी वर सरकते. ही सावली शहरावरही प्रत्येक निरभ्र संध्याकाळी पडत असते. इमारती व धूर यांच्या आड ती कोणास दिसत नाही इतकेच.

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील या दरीच्या परिसरात अलीकडे प्रवाशांच्या मुक्कामाचा एक नवा प्रकार रूढ झाला आहे. त्यास 'ग्लॅम्पिंग' म्हणतात. 'ग्लॅमर' म्हणजे झगमगाट आणि 'कॅम्पिंग' म्हणजे तंबूतील मुक्काम, या दोन शब्दांना जोडून एकविसाव्या शतकाच्या आरंभी हे नाव प्रचारात आले. जाड कॅनव्हासचा उंच तंबू, खाली लाकडी तक्तपोशी, आत पलंग, गादी व रजई, कोपऱ्यात लाकडे जाळण्याची शेगडी, क्वचित स्वतंत्र स्नानगृह, असा त्याचा थाट असतो. नाव नवे असले तरी कल्पना नवी नाही. मोगल बादशहांच्या छावणीत गालिचे, कनाती आणि शामियाने यांची याहून मोठी आरास असे. 'ऐन-ए-अकबरी'त अकबराच्या छावणीचे वर्णन आहे. त्यात सोळा दोरांनी ताणून धरलेल्या एका उंच खांबाचा उल्लेख येतो. त्याच्या शेंड्यावर एक मोठा कंदील रात्रभर तेवत असे. त्यास 'आकाशदिया' म्हणत. दूरवरून येणाऱ्यास छावणी सापडावी हा त्याचा हेतू.

दरीकाठच्या आजच्या तंबूंचा हेतू नेमका याच्या उलट आहे. येथे येणारा मनुष्य दिवसा दरी पाहतो, आणि रात्री ताऱ्यांनी भरलेले आकाश पाहावे अशी त्याची अपेक्षा असते. म्हणजे त्याने पैसे मोजले आहेत ते काळोखासाठी. परंतु त्याच पैशांत त्यास सुखसोयीही हव्या असतात, आणि दिवा ही सोय त्यांत पहिली. या दोन मागण्या एकमेकींच्या वैरी ठरू शकतात. त्या एकत्र नांदवावयाच्या तर प्रकाश हवेत कसा पसरतो आणि डोळा काळोखात कसा पाहतो, हे जाणून घेणे आवश्यक ठरते.

प्रथम या जागेविषयी थोडे. ही दरी सुमारे ४४६ किलोमीटर लांब, रुंदीला जास्तीत जास्त २९ किलोमीटर आणि दीड किलोमीटरहून अधिक खोल आहे. १९१९ साली तिचे राष्ट्रीय उद्यान झाले व १९७९ साली जागतिक वारशाच्या यादीत तिचा समावेश झाला. माथ्यावरील 'कायबाब' नावाचा चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साठला. तळाशी उघडा पडलेला रूपांतरित खडक सुमारे १७५ कोटी वर्षांचा आहे. या सर्वांत जुन्या खडकाचे नाव भारतीय वाचकास चकित करणारे आहे. त्यास 'विष्णू शिस्ट' म्हणतात. त्याच्या जोडीला ब्रह्मा व राम यांच्या नावाचेही खडक आहेत. भूवैज्ञानिक क्लॅरेन्स डटन याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील पायऱ्यापायऱ्यांचे सुळके पाहिले, तेव्हा त्यास पौर्वात्य देवालयांची शिखरे आठवली. त्याने त्यांतील एकास विष्णूचे व दुसऱ्यास शिवाचे मंदिर म्हटले, आणि पुढे ती प्रथाच पडली. अर्थात या नावांचा तेथील मूळ रहिवाशांशी संबंध नाही. हवासुपाई, होपी, नवाहो आदी लोकांची या दरीसाठी स्वतःची नावे व कथा आहेत, आणि त्या डटनच्या नावांहून पुष्कळ जुन्या आहेत.

येथील आकाश इतके काळे का, याची कारणे साधी आहेत. दक्षिण कड्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर आहे. एवढ्या उंचीवर वातावरणाचा जवळजवळ पाचवा हिस्सा पायाखाली राहतो, आणि धूळ व बाष्प यांचा मोठा भाग बहुधा त्याच खालच्या थरात असतो. हवा कोरडी आहे. भोवताली सरकारी वने आणि नवाहो लोकांची विरळ वस्तीची भूमी पसरली आहे. मोठे शहर जवळ नाही. तथापि वर्षभर आकाश निरभ्र असते असे मात्र समजू नये. आपल्याकडील पावसाळ्याशी साम्य असलेला एक लहानसा पावसाळा ॲरिझोनातही असतो. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत दुपारी मेघ दाटून गडगडाटी पाऊस पडतो. पुष्कळदा रात्री आकाश पुन्हा मोकळे होते, आणि धूळ बसल्यामुळे ते विशेष स्वच्छ दिसते.

परंतु आकाश काळे असणे पुरेसे नाही. डोळाही त्यास तयार असला पाहिजे. उजेडातून काळोखात गेल्यावर डोळ्याची बाहुली काही क्षणांत विस्तारते. तिचा व्यास तीन मिलिमीटरांवरून सातपर्यंत गेला तर आत येणारा प्रकाश पाचपटींहून थोडा अधिक वाढतो. हा लाभ किरकोळच म्हणावयाचा. खरी वाढ होते ती दृष्टिपटलात. तेथे दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी उजेडात काम करतात व रंग ओळखतात. दंडाच्या आकाराच्या पेशींस रंग कळत नाहीत, पण अतिमंद प्रकाश कळतो. दंडपेशींतील ऱ्होडॉप्सिन नावाचे रंगद्रव्य उजेडात विघटन पावते आणि काळोखात पुन्हा हळूहळू तयार होते. या क्रियेस वीस ते तीस मिनिटे, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो. ती पूर्ण झाल्यावर डोळ्याची संवेदनक्षमता हजारो पटींनी वाढलेली असते. अशा वेळी कोणी विजेरीचा झोत तोंडावर टाकला, तर अर्ध्या तासाची कमाई क्षणात जाते व पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. लाल प्रकाशाचा मात्र दंडपेशींवर फारच थोडा परिणाम होतो. म्हणूनच आकाशनिरीक्षक विजेरीवर लाल कागद गुंडाळतात.

आता तंबूच्या दाराशी टांगलेल्या दिव्याचा विचार करू. घरात वापरतात तसा, पूर्वीच्या साठ वॅटच्या दिव्याइतका उजेड देणारा एक दिवा उघडाच लावला, तर तो सर्व दिशांस मिळून सुमारे ८०० ल्युमेन प्रकाश देतो. दहा मीटर अंतरावर त्याचे जे उजळपण पडते ते सुमारे ०.६ लक्स भरते. पौर्णिमेचा चंद्र डोक्यावर असताना जमिनीवर पडणारा प्रकाश पाव लक्सच्या आसपास असतो. म्हणजे दहा मीटरांवर बसलेल्या शेजाऱ्याच्या डोळ्यांपुढे, अमावस्येच्या रात्रीही, पूर्णचंद्राच्या दुपटीहून अधिक उजेड आणून ठेवला गेला. चंद्र निदान एका ठिकाणी असतो व मावळतो. तंबू तर ओळीने वीसही असू शकतात.

तंबूच्या आतील दिवा निरुपद्रवी असेल असे वाटणे स्वाभाविक आहे. पण पांढऱ्या किंवा मळकट पांढऱ्या कॅनव्हासमधून प्रकाश सहज झिरपतो. आत दिवा लावला म्हणजे सबंध तंबू दिव्यावरील हंडीसारखा उजळतो आणि त्याचे उतरते छप्पर तो प्रकाश थेट आकाशाकडे पाठविते. याविषयी जाहिरातींतील चित्रांनी मोठा गैरसमज पसरविला आहे. सोनेरी प्रकाशाने उजळलेला तंबू आणि त्यावर रंगीबेरंगी आकाशगंगा, हे चित्र आता सर्वपरिचित आहे. कॅमेरा वीस-पंचवीस सेकंद प्रकाश साठवीत राहू शकतो. डोळा एका सेकंदाच्या लहानशा अंशापलीकडे साठवू शकत नाही. शिवाय एवढ्या मंद प्रकाशात दंडपेशीच काम करीत असल्याने आकाशगंगा डोळ्यास करड्या पांढऱ्या धुक्यासारखी दिसते, जांभळी वा तांबूस नव्हे. बाहेरून उजळ दिसणाऱ्या तशा तंबूजवळ उभ्या राहिलेल्या माणसास तर ती धुक्यासारखीही धड दिसणार नाही. ते चित्र पाहून आलेल्या पाहुण्याचा पहिल्या रात्री जो हिरमोड होतो, त्यास आकाश जबाबदार नसते.

प्रकाशाच्या रंगालाही महत्त्व आहे. हवेच्या रेणूंवर आदळून प्रकाश विखुरतो, आणि तरंगलांबी जितकी लहान तितके हे विखुरणे अधिक, तेही चौथ्या घाताच्या प्रमाणात. दिवसा आकाश निळे दिसते ते याच कारणाने. पांढऱ्या एलईडी दिव्यात सुमारे ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या प्रकाशाचा मोठा वाटा असतो. स्वच्छ हवेत तो ५९० नॅनोमीटरच्या पिवळ्या प्रकाशापेक्षा जवळजवळ तिप्पट विखुरतो. त्यात दंडपेशी निळसर प्रकाशास अधिक संवेदनशील असतात, म्हणजे हानी दुहेरी होते. तेव्हा उपाय उघड आहे: दिव्यावर वरून व बाजूंनी झाकण असावे, तो पावलांपुरता जमिनीवर पडावा, रंगाने पिवळसर असावा, आणि काम संपताच विझावा. वाटेवर गुडघ्याच्या उंचीचा झाकलेला दिवा असला तर माणूस ठेचाळत नाही. उलट डोळे न दिपल्यामुळे त्यास अधिक दूरचे दिसते. काळोखी आकाश म्हणजे असुरक्षितता, हा समज अशा वाटेवरून एकदा चालल्यावर टिकत नाही.

या बाबतीत दरीपासून सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या फ्लॅगस्टाफ या गावाचा इतिहास लक्षात घेण्याजोगा आहे. तेथे १८९४ साली लॉवेल वेधशाळा स्थापन झाली. याच वेधशाळेत १९३० साली क्लाइड टॉमबॉ याने प्लूटोचा शोध लावला. गावात दुकानदारांनी जाहिरातीसाठी आकाशात फिरत्या प्रकाशझोतांचा वापर चालविला, तेव्हा १९५८ साली नगरपालिकेने त्यावर बंदी घातली. पुढे १९८९ मध्ये शहराने व जिल्ह्याने दर एकरी किती ल्युमेन प्रकाश वापरावा याची मर्यादा ठरविली, आणि २००१ साली या गावास जगातील पहिले 'आंतरराष्ट्रीय काळोखी-आकाश नगर' म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे वेधशाळेसाठी गावाने जे केले त्याचे फळ दरीलाही मिळाले. हे सर्व साधताना गाव काळोखात बुडाले नाही. त्याची लोकसंख्या या काळात कित्येक पटींनी वाढली.

ग्रँड कॅन्यन उद्यानाचे स्वतःचे घर मात्र पुष्कळ काळ नीट नव्हते. दिव्यांची मोजणी केली तेव्हा उपाहारगृहे, निवासस्थाने, वाहनतळ व कार्यालये मिळून सुमारे पाच हजार दिवे भरले, आणि त्यांतील कित्येक उघडे होते. २०१६ साली उद्यानास 'काळोखी-आकाश उद्यान' म्हणून तात्पुरती मान्यता देण्यात आली, ती दिवे बदलण्याच्या अटीवर. तीन वर्षांत सुमारे दोन तृतीयांश दिवे नियमानुसार झाले, आणि २०१९ साली, उद्यानाच्या शताब्दीच्या वर्षी, मान्यता कायम झाली. परंतु छानछोकीचे तंबू बहुतेक उद्यानाच्या सीमेबाहेर, दक्षिणेकडील बुटक्या पाइन व जुनिपर वृक्षांच्या रानात खाजगी जमिनीवर उभे राहतात. तेथे उद्यानाचा शब्द चालत नाही. चालतो तो जिल्ह्याचा नियम आणि तंबूवाल्याचा विवेक.

दिवे विझल्यावर पाहुण्यास दुसरी एक गोष्ट जाणवू लागते, ती म्हणजे थंडी. जुलै महिन्यातही कड्यावर दिवसाचे तापमान २९ अंश सेल्सिअसच्या आसपास तर रात्रीचे १२ अंशांपर्यंत असते. ज्या कोरड्या व निरभ्र हवेमुळे तारे दिसतात तीच याला कारण आहे. जमीन, झाडे व तंबूचे छप्पर रात्रभर उष्णता अवरक्त प्रारणाच्या रूपाने आकाशाकडे टाकीत असतात. हवेत बाष्प व ढग असते तर त्यांनी ती बरीचशी अडवून परत पाठविली असती. कॅनव्हास पातळ असल्यामुळे तो भोवतालच्या हवेहूनही थंड होतो. आत निजलेल्या माणसाचे शरीर या थंड कापडाकडे उष्णता टाकते, म्हणून हवा फारशी गार नसतानाही हुडहुडी भरते. आणि श्वासातील बाष्प कापडाच्या आतल्या बाजूस दवरूपाने साचते. छपरावर हातभर अंतर सोडून दुसरे कापड ताणल्यास आकाशाकडे उष्णता टाकण्याचे काम ते करते व आतले छप्पर उबदार राहते. हा उपाय जुना आहे; आपल्याकडील लष्करी व सरकारी तंबूंनाही असे दुहेरी छप्पर असे.

शेगडीविषयी सावधगिरीचा एक शब्द आवश्यक आहे. बंद तंबूत कोळसा जळत ठेवला तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्यास वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्यास तो जागेही करीत नाही. धुराडे असलेली व नीट बसविलेली शेगडी चालते; उघडी कोळशाची शेगडी, मग ती ॲरिझोनात असो वा हिमालयात, तंबूत कधीही नेऊ नये. वणव्याची भीतीही निराधार नाही. जुलै २०२५ मध्ये विजेमुळे लागलेला वणवा उत्तर कड्यावर पसरला आणि तेथील जुने प्रसिद्ध अतिथिगृह त्यात भस्मसात झाले.

मध्यरात्री, रजई अंगाभोवती घेऊन दरीच्या दिशेने थोडे चालत गेल्यास जे दिसते त्याची कल्पना शहरात येणे कठीण. अशा जागी एका वेळी दोन हजारांहून अधिक तारे साध्या डोळ्यांनी दिसतात. ध्रुवतारा येथे ३६ अंशांवर, म्हणजे मुंबईतल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट उंचीवर असतो. उलट धनू राशीकडील आकाशगंगेचा मध्यभाग क्षितिजाकडे झुकलेला दिसतो. दक्षिण कड्यावर उभा राहणारा दरीकडे, म्हणजे उत्तरेकडे तोंड करतो, म्हणून आकाशगंगेचा हा भाग त्याच्या पाठीशी येतो. शरद ऋतूत देवयानी तारकासमूहातील दीर्घिका डोक्याजवळ असते. तिच्याकडे थेट न पाहता किंचित बाजूस पाहावे, कारण दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतात. मग एक पुसट लांबट ठिपका उमटतो. त्याचा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघाला. तेव्हा कोलोरॅडो नदीने ही दरी कोरण्यास आरंभ करून पंचवीस-पस्तीस लाख वर्षे लोटली होती, कारण दरीचे आजचे रूप घडण्यास पन्नास-साठ लाख वर्षे लागली असे मानतात. तळाच्या विष्णू शिस्टपुढे मात्र हा काळही कालचाच.

पश्चिमेकडे पाहिले तर क्षितिजालगत एक मंद उजेड रात्रभर तसाच राहतो. चंद्र उगवण्याची ती चाहूल नव्हे. तो लास व्हेगास शहराचा प्रकाश आहे. शहर सुमारे २७० किलोमीटर दूर आहे. पृथ्वीच्या वक्रतेमुळे ते स्वतः दिसणे शक्यच नाही, पण त्यावरील उजळलेली हवा दिसते. उद्यानाने आपला प्रत्येक दिवा झाकला तरी हा डाग जाणार नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक नकाशानुसार जगातील पाचांपैकी चार माणसे कृत्रिम प्रकाशाने उजळलेल्या आकाशाखाली राहतात, आणि एक तृतीयांश माणसांस घरून आकाशगंगा दिसत नाही.

भारतातही या दिशेने पावले पडली आहेत. लडाखमधील हानले येथे ४,५०० मीटर उंचीवर भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे. तिच्या भोवतालचा प्रदेश २०२२ साली काळोखी-आकाश राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. तेथे पाहुणे बहुधा गावातील घरांतच उतरतात, आणि गावातल्याच तरुण-तरुणींना दूरदर्शक देऊन आकाश दाखविण्याचे शिक्षण देण्यात आले आहे. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पास देशातील पहिले काळोखी-आकाश उद्यान म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी सिल्लारी व आसपासच्या गावांतील शंभरावर दिवे बदलून खाली तोंड असलेले बसविण्यात आले. पेंचच्या अक्षांशावरून धनू राशीतील तो आकाशगंगेचा मध्यभाग ग्रँड कॅन्यनपेक्षा सुमारे पंधरा अंश अधिक वर येतो. पावसाळ्यापूर्वीच्या, मे महिन्यातील अमावस्येस तो पाहावयाचा असल्यास मध्यरात्रीनंतर दक्षिणेकडे तोंड करून बसावे आणि निदान अर्धा तास कोणताही दिवा लावू नये.